पंपाच्या तराफ्याला जस्त की मॅग्नेशियम?



धरणाच्या फुगवट्यावरून ज्यांच्या उसाला पाणी येते, त्यांच्यासाठी हे चार शब्द. पाणी मागे सरेल तसा पंप सरकवता यावा म्हणून आपण लोखंडी पत्र्याचा तराफा करून त्यावर मोटार बसवतो. तराफा म्हणजे एक होडीच, आणि होडीचे जे दुखणे तेच त्याचे. गंज!

मागे एका गटाचा तराफा ऐन मे महिन्यात बुडाला. तळाच्या पत्र्याला भोके पडली होती. मोटार पाण्यात गेली आणि खोडव्याच्या दोन पाळ्या हुकल्या. मी पाहायला गेलो तेव्हा मंडळी म्हणाली, "साहेब, बंदरावरून जस्ताचे तुकडे आणून तळाला लावले होते. बघा की, अजून जसेच्या तसे आहेत!" दुखणे नेमके तिथेच होते.

टोमॅटोच्या प्लॉटमध्ये आपण झेंडू लावतो. अळी झेंडूवर जाते, टोमॅटो वाचतो. बळीच्या तुकड्याचे, म्हणजे अ‍ॅनोडचे, काम तसेच आहे. लोखंडापेक्षा लवकर झिजणारा धातू लोखंडाला जोडला की पाण्यातून बारीक वीजप्रवाह सुरू होतो. तो धातू झिजतो, पत्रा टिकतो. तेव्हा तुकडा झिजलाच पाहिजे. शाबूत राहिला तर समजावे की त्याने कामच केलेले नाही.

ही युक्ती जुनी आहे. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली इंग्रजी आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा तळ लोखंड व जस्त जोडून वाचवला. मात्र तांबे झिजायचे थांबल्यावर तळावर शेवाळ-शिंपले वाढले व जहाजे मंदावली, तो भाग वेगळा!

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे वीज सहज वाहते. तिथे जस्त पुरते. आपल्या गोड्या पाण्यात क्षार फारच थोडे. जस्त आणि लोखंड यांच्यात विजेचा दाब साधारण ०.४ व्होल्ट, तेवढ्या जोरावर प्रवाह लांब पोचत नाही. शिवाय जस्तावर पांढरा थर चढतो आणि ते निपचित पडते. मॅग्नेशियमचा दाब याच्या दुपटीहून जास्त, म्हणून गोड्या पाण्यात मॅग्नेशियमच घ्यावे. हेच मॅग्नेशियम समुद्रात नेले तर भराभर विरघळून जाईल. खाडीच्या मचूळ पाण्यासाठी खास ॲल्युमिनियमचा मिश्रधातू मिळतो. भांड्याचे ॲल्युमिनियम त्या कामाचे नाही.

तुकडा पाण्याच्या पातळीखाली, सर्व बाजूंना विभागून लावा. गोड्या पाण्यात एकाच कोपऱ्यातला मोठा तुकडा पलीकडच्या टोकाला उपयोगी पडत नाही. तुकड्याची पट्टी पत्र्याला घट्ट भिडली पाहिजे, मधे रंग किंवा गंज नको. आणि रंगारी हौसेने तुकड्यावरही ब्रश फिरवतो, त्याला आधीच बजावून ठेवा! पत्र्याला मात्र रंग हवाच. रंग उडालेल्या जागा सांभाळणे एवढेच अ‍ॅनोडचे काम. पाण्याच्या वरच्या भागाला त्याचा काही उपयोग नाही.

उन्हाळ्यात तराफा काठाला लागला की खाली वाकून बघा. तुकडा निम्मा झिजला असेल तर नवा बसवा. मुळीच झिजला नसेल तर आधी जोड खरवडून पाहा, आणि दुकानदाराने मॅग्नेशियम म्हणून जस्त तर दिले नाही ना, तेही बघा. ओळख सोपी आहे: त्याच आकाराचा जस्ताचा तुकडा मॅग्नेशियमच्या सुमारे चौपट जड भरतो.

– ऊस विकास अधिकारी