रानाची राखण

अभ्यासासाठी वचने : उत्पत्ती 2:15, उत्पत्ती 4:9, अनुवाद 20:19-20



देवाने माणसाला एदेन बागेत ठेवले ते दोन कामांसाठी : बागेची मशागत करायला आणि तिची राखण करायला. मूळ हिब्रू भाषेत मशागतीसाठी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ 'सेवा करणे' असाही होतो. राखण्यासाठी 'शामार' हे क्रियापद आहे. पुढे काइनाच्या तोंडी तेच येते. हाबेल कुठे आहे असे देव विचारतो, तेव्हा आपण भावाचे राखणदार आहोत काय, असा उलट प्रश्न तो करतो. बाग राखणे आणि भाऊ राखणे यांसाठी पवित्र शास्त्रात एकच शब्द आहे. अनुवादाच्या पुस्तकात तर नगराला वेढा घातलेला असतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवण्यास मनाई आहे.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लावदातो सी' या परिपत्रकात (परिच्छेद 67) उत्पत्तीच्या याच वचनाचा आधार घेतला. पृथ्वी आपल्याला वापरायला मिळाली आहे, तशी सांभाळायलाही मिळाली आहे, ही त्यांची शिकवण.

आता आपल्या जवळचे रान पाहू. वसईच्या पूर्वेचा तुंगारेश्वरचा डोंगर 2003 साली अभयारण्य झाला. क्षेत्र सुमारे 85 चौरस किलोमीटर. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला तानसा अभयारण्य आणि मध्ये वन्य प्राण्यांच्या ये-जा करण्याचा हा दुवा. ऐन, हेद, कळंब, पळस अशी पानगळीची झाडे इथे आहेत. थंडी सरली की जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचतो. मग एक विडीचे थोटूकही वणव्याला पुरते. मोठी झाडे बहुधा तगतात. पण कोवळी रोपे जळतात, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जळतात. असे दरवर्षी घडले तर रान वरून हिरवे दिसते, पण आतून म्हातारे होत जाते. त्याला पुढची पिढीच उरत नाही.

वणव्याचे हे दिवस बहुतेक आपल्या उपवासकाळात येतात. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेणाऱ्यांनी रानाची राख होताना नुसते बघत राहावे काय?

इथे आपण प्रामाणिक होऊ या. जुलैमध्ये आपण रोपे लावतो, फोटो काढतो, चहा घेऊन घरी येतो. मार्चमध्ये त्या रोपांकडे कोण जातो? मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर, करायचे राहून गेलेल्या गोष्टींचीही क्षमा मागतो. सुकलेले रोप त्यातच मोडते.

स्वयंसेवकांनी काय करावे?

1. प्रथम वनखात्याची परवानगी घ्यावी. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार अभयारण्यात मनाला येईल तसे जाता येत नाही, आणि तिथे आग लावणे गुन्हा आहे.

2. वनरक्षकांच्या मार्गदर्शनाखाली जाळरेषेच्या कामात हातभार लावावा. ठरलेल्या पट्ट्यातील पाने व गवत काढून टाकले की आगीला पुढे सरकायला काही मिळत नाही.

3. सहलीला जाताना एक रिकामी पिशवी न्यावी. आपला कचरा आणावाच, दुसऱ्याचाही थोडा आणावा.

4. गिरिपुष्प, सुबाभूळ लवकर वाढतात, पण ती परदेशी झाडे आहेत. इथलीच झाडे लावावीत. दहाच लावावीत, पण दोन-तीन उन्हाळे सांभाळावीत.

5. डोंगरालगतच्या आदिवासी बांधवांना आधी विचारावे. पायवाटा, झरे, झाडे त्यांना ठाऊक आहेत. आपण तिथे शिकवायला नव्हे, शिकायला जातो.

छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी :

• गेल्या पाच वर्षांत आपण लावलेल्या झाडांपैकी किती जगली?

• या उपवासकाळात एक रविवार दुपार आपण रानासाठी देऊ शकतो का? कोण येईल, नावे आजच लिहून घ्या.

प्रार्थना : हे निर्माणकर्त्या पित्या, तू आम्हांला मालक नव्हे तर राखणदार नेमले आहेस. लावण्याच्या उत्साहाबरोबर सांभाळण्याचा धीरही आम्हांला दे. आमेन.