गिटारचा ब्रिज आणि आजोबांचा दरवाजा

गॅदरिंगला स्टेजवर आमची सागवानी गिटार तुम्ही पाहिली असेलच. ‘कुठून घेतली?’ असं अजूनही मेसमध्ये कोणीतरी विचारतं. घेतली नाही, बनवली! माझ्या रूम पार्टनरच्या गावी जुनं घर उतरवलं, तेव्हा आजोबांच्या हातचा दरवाजा तो एस.टी.च्या टपावरून घेऊन आला. त्याच फळीची ही गिटार. लाकूड एकच, दुसरं मिळणार नव्हतं. तरीही त्यात मी चुकीची भोकं पाडली. तुम्ही पाडू नयेत म्हणून हा लेख.

ट्रेमोलो म्हणजे काय?

ब्रिजला एक दांडी असते. ती दाबली की तारा सैल होऊन सूर उतरतो, सोडली की परत जागेवर येतो. लिओ फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर हा ब्रिज आणला आणि त्याला ‘ट्रेमोलो’ म्हटलं. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज कमी-जास्त होणं. सूर हलतो त्याला व्हायब्रेटो म्हणतात. पण चुकीचं नावच रूढ झालं.

आता अप्लाइड मेकॅनिक्स आठवा. ब्रिज म्हणजे एक तरफ. टेकू म्हणजे पुढचे स्क्रू. वरून तारा गळ्याकडे ओढतात. खाली लाकडाच्या आत लोखंडी ब्लॉक लटकतो, त्याला मागच्या खाचेतल्या स्प्रिंगा ओढतात. दोन्ही मोमेंट सारखे झाले की ब्रिज स्थिर. ०.००९ इंचापासून सुरू होणाऱ्या सेटच्या सहा तारांचा मिळून ताण सुमारे ३८ किलो. आमच्या गिटारवर तारा टेकूच्या १२ मि.मी. वर आणि स्प्रिंगा ३८ मि.मी. खाली धरल्या, तर ३८ × १२ भागिले ३८, म्हणजे स्प्रिंगांना १२ किलो ओढ पुरते. तीन स्प्रिंगा, प्रत्येकी चार किलो. ओरलला विचारलं तर हेच उदाहरण द्या!

यातूनच कळतं की एक तार तुटली की बाकीच्या का चढतात. तारांची ओढ कमी झाली, स्प्रिंगा जिंकल्या.

आमची चूक

दुकानात आम्ही ‘स्टँडर्ड सहा स्क्रूचा ब्रिज द्या’ म्हणालो. ब्रिज घरी यायच्या आत मी उत्साहाच्या भरात एका ड्रॉइंगवरून भोकं पाडून मोकळा झालो. ड्रॉइंग जुन्या मापाचं होतं: पहिल्या ते सहाव्या स्क्रूचं अंतर ५६.४ मि.मी. हातात आलेला ब्रिज ५२.५ चा. दोन्ही टोकांना जवळजवळ दोन-दोन मि.मी. फरक. वर ब्लॉक ४२ मि.मी. उंच आणि दरवाजाची फळी रंधा मारून ३८ उरलेली. ब्लॉक पाठीतून बाहेर!

रूम पार्टनर काही बोलला नाही. त्या भोकांवरून नुसतं बोट फिरवत बसला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधल्या मामांकडे गेलो. ते म्हणाले, “आधी वस्तू हातात, मग माप, मग भोक. तुम्ही पोरं उलटं करता.” पण त्यांनीच दरवाजाच्या उरलेल्या तुकड्यातून सागवानी खुंट्या काढून दिल्या. गोंद लावून त्या ठोकल्या, रात्रभर सुकवल्या आणि घासून सपाट केल्या. ब्लॉक कापता येत नव्हता, कारण स्प्रिंगांची भोकं त्याच्या खालच्या टोकालाच असतात. मग सरांची परवानगी घेऊन माइल्ड स्टीलचा ३५ मि.मी. चा नवा ब्लॉक मिलिंगवर बनवला. तरफ आखूड झाली, त्यामुळे स्प्रिंगा थोड्या जास्त ताणाव्या लागल्या, इतकंच.

बसवण्याची पद्धत

१. खरेदीआधी व्हर्निअरने चार मापं घ्या: स्क्रूंचं अंतर, तारांचं अंतर, ब्लॉकची उंची, बॉडीची जाडी. गळा अरुंद आणि तारांचं अंतर जास्त असेल तर कडेची तार फ्रेटवरून घसरते. दोन खुंट्यांचा ब्रिज असेल तर त्यांचं अंतरही बघा. फ्लॉइड रोज प्रकारात ते ७४ मि.मी. असतं.

२. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ३२४ आलं तर ६४८ मि.मी. पातळ तारेची सॅडल बरोबर इथे यायला हवी. बाकीच्या सॅडल मागे सरकवाव्या लागतात, म्हणून मागे जागा ठेवा.

३. दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणून बघा. गळ्याच्या दोन्ही कडांपासून अंतर सारखं असेल तरच खूण करा.

४. भोक स्क्रूच्या गाभ्याइतकंच. सागवान फाटू नये म्हणून स्क्रूला मेण लावा. कडेचे दोन स्क्रू टेकूचं काम करतात. मधले चार किंचित सैल ठेवा, नाहीतर ब्रिज अडकतो.

५. स्प्रिंगांच्या पट्टीला अर्थची वायर डाग देऊन जोडा. ती विसरलात तर अँपमधून हम्म आवाज येईल.

६. सूर लावा, मग मागच्या पट्टीचे स्क्रू फिरवून ब्रिजची मागची कड बॉडीपासून सुमारे ३ मि.मी. वर आणा. सूर उतरेल, पुन्हा लावा. चार-पाच फेऱ्या होतील, कंटाळू नका.

७. शेवटी बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवा आणि तिथलाच हार्मोनिक वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे.

दांडी दाबून सूर परत जागेवर येत नसेल, तर नटच्या खाचांत पेन्सिलचं शिसं घासा. आमचं निम्मं दुखणं तिथेच गेलं.

ब्रिज उचलला तर खुंट्यांचे गोल डाग आजही दिसतात. पार्टनर म्हणतो, “राहू दे. आजोबांच्या दरवाजालाही बिजागऱ्यांची जुनी भोकं बुजवलेली होतीच की.”