टायर आधी वाचा, मशीन नंतर लावा : अलाइनमेंटच्या धंद्यातला पहिला धडा



टायर शॉपवरचा व्हिडिओ टाकल्यापासून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच : "सर, अलाइनमेंटचं कोणतं मशीन घेऊ?" मशीनचं नंतर बोलू. आज त्याच्या आधीचं शिकायचं आहे, कारण ते न शिकता मी मशीन घेतलं आणि त्याची किंमत मोजली.

मी बीबीए केलेला माणूस. दुकान टाकलं तेव्हा हप्ता किती, भाडं किती, दिवसाला किती गाड्या आल्या तर खर्च निघेल, सगळं एक्सेलमध्ये तयार होतं. टायर वाचायला मात्र येत नव्हतं. पहिल्याच वर्षी एक टॅक्सीवाले काका आले. म्हणाले, "गाडी पुढचा डावा टायर आतून खातेय. अलाइनमेंट करून द्या." त्यांनी माझ्याकडूनच पुढचे दोन नवे टायर घेतले. मी गाडी मशीनवर घेतली, टो सेट केला, स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे झाले. अलाइनमेंटचे ४०० रुपये घेतले, प्रिंट हातात दिली.

दोन महिन्यांनी काका परत आले. भांडले नाहीत. नवा डावा टायर फक्त दाखवला. आतली कड पार गुळगुळीत झाली होती. मग गाडी जॅकवर घेतली तर डाव्या लोअर आर्मचा बुश गेलेला. गाडी उभी असताना आकडे बरोबर येत होते. रस्त्यावर ब्रेक दाबला, खड्डा लागला की तो आर्म मागेपुढे सरकत होता आणि चाकाची दिशा बदलत होती. मशीन उभ्या गाडीचं माप घेतं, टायर मात्र चालत्या गाडीत झिजतो. हे मला तेव्हा कळलं. काका पुन्हा कधी आले नाहीत, आणि त्यांच्या स्टँडवरच्या गाड्याही आल्या नाहीत.

म्हणून आज क्रम शिकू. हाच क्रम मी आता दुकानातल्या पोरांना पाठ करायला लावतो.

पायरी १ : आधी विचारा

गाडी एका बाजूला ओढते का? स्टेअरिंग थरथरतं का, आणि किती स्पीडला? सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहतं का? खड्ड्यात किंवा डिव्हायडरवर जोरात आदळली होती का? टायर कधी घेतले, मागेपुढे कधी बदलले?

साधारण ८०-१०० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरत असेल, तर पहिला संशय बॅलन्सिंगवर किंवा वाकलेल्या रिमवर घ्या. पुष्कळ ग्राहक बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एकच समजतात. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. अलाइनमेंट म्हणजे चाकाची दिशा आणि झुकाव जागेवर आणणं. हा फरक ग्राहकाला दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे.

पायरी २ : हवा

चारही चाकांची हवा तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, ती भरायची हवा नव्हे. हवा थंड टायरमध्ये मोजायची. गाडी लांबून आली असेल तर आकडा जास्त दिसेल, म्हणून लगेच हवा काढून टाकू नका.

पायरी ३ : टायर वाचा

आता चारही टायर बघा, डोळ्यांनी आणि हातानेही. पण तार बाहेर आली असेल तर हात लावू नका, टायर हात कापतो.

- दोन्ही कडा झिजल्या, मध्य चांगला : हवा कमी ठेवून गाडी चालली आहे.
- मध्य झिजला, कडा चांगल्या : हवा जास्त.
- एकच कड, आतली किंवा बाहेरची, गुळगुळीत : कॅम्बर, म्हणजे चाकाचा झुकाव, किंवा टो.
- हात आडवा फिरवला की एका बाजूने मऊ, उलट फिरवला की करवतीसारखं टोचतं : टो बिघडला आहे.
- ठिकठिकाणी वाटीसारखे खड्डे : शॉकअप गेलेला, किंवा बॅलन्सिंग बिघडलेलं.

टो म्हणजे काय? पायाचे अंगठे आत वळवून चार पावलं चालून बघा. तळवा आडवा घासतो ना? चाकाचं तेच होतं. टायरवर हात बाहेरून आत नेताना मऊ लागला आणि आतून बाहेर आणताना टोचला, तर टो-इन जास्त. उलट असेल तर टो-आउट.

हिशोब करून बघा. एक चाक आपल्या सरळ रेषेपासून फक्त अर्धा अंश वळलेलं असेल, तर भूमितीच्या हिशोबाने ते दर किलोमीटरला जवळजवळ ९ मीटर आडवं सरकायला बघतं. १०,००० किलोमीटरला हेच सुमारे ९० किलोमीटर होतात. डोळ्यांना न दिसणारा अर्धा अंश नवा टायर कसा खातो, ते ग्राहकाला असं सांगितलं की लगेच पटतं.

पायरी ४ : जॅकवर घेऊन हलवा

स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही. चाक घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवा. प्ले लागला तर टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंग रॅक बघा. १२ आणि ६ ला धरून हलवा. तिथे प्ले असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग पट्टी घालून लोअर आर्मचे बुश हलवून बघा, शॉकअपला तेल सुटलंय का बघा, रिम फिरवून वाकडी आहे का बघा.

काही सैल सापडलं तर नियम एकच : आधी पार्ट, मग अलाइनमेंट. सैल पार्टवर केलेली अलाइनमेंट गेटच्या बाहेर जाईपर्यंतच टिकते.

पायरी ५ : गाडी ओढते तेव्हा

आपल्याकडे रस्त्याचा उतार बहुधा डाव्या कडेला असतो, त्यामुळे गाडी थोडी डावीकडे जाणं साहजिक आहे. जास्त ओढत असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून चालवून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे. ओढ त्याच बाजूला राहिली तर अलाइनमेंट किंवा ब्रेक. फिरून आल्यावर हात रिमच्या जवळ न्या, लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करायची नाही.

मग मशीन

बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो सेट करता येतो. कॅम्बर स्क्रीनवर लाल आला तर तो फिरवायला नट शोधत बसू नका. स्ट्रट, लोअर आर्म किंवा एखादा जॉइंट वाकला-झिजला आहे का ते बघा. स्क्रीनवरचा लाल आकडा तुम्हाला फक्त कुठे बघायचं ते सांगतो.

आता धंद्याचं

माझ्याकडे आता प्रत्येक गाडीचं एक कार्ड असतं. तारीख, किलोमीटर, चारही चाकांची हवा, कोणता टायर कुठे झिजला, कुठे प्ले सापडला, आधीचे आणि नंतरचे आकडे. झिजलेल्या कडेचा फोटो ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. पार्ट बदलायला तो दुसरीकडे गेला तरी चालेल. मी सरळ सांगतो, "दादा, आज अलाइनमेंटचे पैसे घेतले तर ते तुमचे वाया जातील. बुश बदलून या, मग करू."

त्या दिवशी गल्ल्यात ४०० रुपये कमी पडतात. पहिल्या वर्षी तेच ४०० घेतले, तर गिऱ्हाईक गेलं आणि त्याच्यासोबत अख्खा स्टँड गेला. या हिशोबाचा कॉलम माझ्या एक्सेलमध्ये नव्हता.

तुमचा गृहपाठ : मशीनचं कोटेशन मागवण्याआधी ओळखीच्या १० गाड्या घ्या. मालकाला विचारून चाळीसही टायर हात लावून बघा, वहीत झीज लिहा, कारणाचा अंदाज लिहा. मग जवळच्या अनुभवी मिस्त्रीला दाखवून पडताळा. दहापैकी सात गाड्यांचं कारण बरोबर सांगता येऊ लागलं की मशीनचं बोलू.

भेटू पुढच्या धड्यात.