साभार परत

कर्जतच्या आमच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. वरच्या कप्प्यात छापलेले अंक, खालच्या तीन कप्प्यांत न छापलेले लेख. इतिहास-समाजशास्त्राच्या एका मराठी संशोधन त्रैमासिकाची मी बारा वर्षं संपादक होते. दिवसा कॉलेजची नोकरी आणि जातायेता कर्जत लोकलमध्ये मांडीवर लेखांची फाइल, असा तो काळ. आज कपाट उघडलं की वाटतं, मला खरं शिकवलं ते खालच्या कप्प्यांनी. संशोधनपत्रिकेची पत छापण्यात असते तेवढीच परत करण्यातही असते.

१. ‘नाही’ म्हणायचं तर लवकर म्हणा.
पहिल्याच वर्षी एक लेख मी सात महिने ठेवून घेतला. तो घेता येणार नाही हे दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, पण तसं पत्र लिहवेना. शेवटी लेखकाचाच फोन आला. “मॅडम, तेव्हाच नाही म्हणाला असतात तर दुसरीकडे पाठवला असता की!” एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा, हे बंधन आपणच घालतो. मग लेखकाचा वेळ कुजवायचा आपल्याला काय हक्क? त्यानंतर विषयाबाहेरचा किंवा अगदी कच्चा लेख पंधरा दिवसांत परत जाऊ लागला. ‘साभार परत’च्या छापील चिठ्ठीखाली हातानं दोन ओळी असत: काय कमी पडलं आणि हा लेख कुठे शोभेल.

२. नाव झाकलं म्हणजे लेखक झाकला असं नाही.
परीक्षकाला लेखक कळू नये, लेखकाला परीक्षक कळू नये, असा नियम. कर्जतला १९१९पासून भात संशोधन केंद्र आहे. त्यानं इथल्या शेतीत काय बदललं, यावर एक लेख आला. पहिल्या पानावरचं नाव मी काढलं. दुसऱ्या पानावर वाक्य होतं, ‘माझ्या मागील लेखात मी दाखवल्याप्रमाणे’! तेव्हापासून प्रत्येक लेख आधी मीच चाळणीतून काढायची. तरी मराठीत एका विषयाचे जाणकार पाच-सहा; भाषेवरून माणूस ओळखू येतोच. एका परीक्षकानं लेख न वाचताच परत पाठवला. सोबत चिठ्ठी: ‘कुणाचा ते कळलं. आमचं पटत नाही. दुसऱ्याला द्या.’ असा परीक्षक जपून ठेवावा.

३. यंत्राच्या शून्यावर विसंबू नका.
वाङ्मयचौर्याबाबतच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा एका लेखावरचा अहवाल आला शून्य टक्के. मी खूश. पण वाचताना चौथ्या पानावर लेखकाची भाषा अचानक धोतर नेसून उभी राहिली. फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होती. आपल्याला मराठी दिसते, यंत्राला नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. ते काय पकडणार? तो मजकूर एका जुन्या ग्रंथातून जसाच्या तसा उचललेला निघाला. सॉफ्टवेअर वापरावं, पण कान उघडे ठेवून.

४. बढतीची घाई अंकात शिरू देऊ नका.
“मॅडम, मुलाखत लागलीय, याच अंकात घ्या ना,” हा फोन दर जूनमध्ये ठरलेला. बढतीसाठी यूजीसीच्या मान्य यादीतल्या पत्रिकेतला लेख धरला जायचा. पण यूजीसीनंच २०१८मध्ये त्या यादीतून चार हजारांवर पत्रिका एका फटक्यात काढल्या, २०१९मध्ये केअर यादी आणली आणि २०२५मध्ये तीही बंद केली. याद्या बदलत राहतात. छापलेलं पान ग्रंथालयात तसंच राहतं.

५. श्रेय मोजून द्या.
शोधनिबंध विद्यार्थिनीचा आणि पहिलं नाव मार्गदर्शकाचं, असे लेख किती आले! मला अशा वेळी कोंडाणे लेणी आठवतात. कर्जतहून कोंदिवड्याला जाऊन पुढे रानातून चढायचं. चैत्याच्या दर्शनी भागात, भग्न मूर्तीच्या डोक्यापाशी ब्राह्मीतली एक ओळ आहे: कान्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. गुरूचं नाव आहे, पण गुरू म्हणून. केलं ते शिष्यानं. दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नीवाल्यांना जमलं ते आपल्याला टंकलेखनात जमू नये? मी दोघांनाही पत्र लिहून विचारायची, कुणी काय काम केलं ते एकेका ओळीत कळवा. पुष्कळदा उत्तरासोबत नावांचा क्रम बदलून यायचा.

६. मागून ढकला, गाडी चालवू नका.
कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं लागताना मी लहानपणापासून पाहतेय. बोरघाटाचा चढ ३७ला १. इंजिनं जीव खाऊन ढकलतात आणि लोणावळ्याला सुटून मागे येतात. लेखाची मांडणी, पुरावा, तळटीपा यांत संपादकानं असंच ढकलावं. पण निष्कर्ष मला पटत नाही म्हणून तो बदलायला लावला, तर ते मागचं इंजिन पुढे येऊन बसण्यासारखं. तो मोह मला दोनदा झाला, आणि दोन्ही लेख बिघडले.

७. लेखातल्या माणसांचेही आपण देणेकरी असतो.
१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. पुढच्या काही महिन्यांत वाचलेल्या लोकांच्या मुलाखतींवरचे लेख येऊ लागले. एकात नावं, वयं, फोटो, कुणाचं कोण गेलं, सगळं होतं. मी एकच विचारलं: छापायचं म्हणून त्यांना सांगितलं होतं का? उत्तर आलं नाही. लेख साभार परत.

८. चूक झाली तर ती ठळक छापा.
एका लेखात ‘१८८२ साली कुलाबा जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात’ असं छापून गेलं. परीक्षकांनी पाहिलं नाही, मीही नाही. महिन्याभरानं खालापूरहून एका निवृत्त गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. ‘स. न. वि. वि. कर्जत १८९१पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. तेव्हाची कागदपत्रे कुलाब्याच्या दप्तरात शोधणारा उपाशी मरेल.’ मी जन्माची कर्जतची, आणि मला हे सुचलं नव्हतं! पुढच्या अंकात शुद्धिपत्र शेवटच्या कोपऱ्यात न टाकता अनुक्रमणिकेच्या समोरच्या पानावर दिलं.

ते पोस्टकार्ड वरच्या कप्प्यात आहे, अंकांबरोबर.