तळ्याच्या उतारावरचे गवत : कापण्यापूर्वी हिशेब करा

व्यापारी व कारीगर बांधवांनो, आमची हयात कापडाच्या धंद्यात गेली. गज, मीटर आणि थान यांपलीकडची मोजमापे करण्याची आम्हाला फारशी सवय नाही. तरीही आज या पानावर गवत कापण्याविषयी लिहीत आहोत, त्याला कारण आहे. आमच्यासारख्या अनेक व्यापाऱ्यांची गावाकडे थोडीफार जमीन आहे आणि तिच्यात शेततळे आहे. शिवाय आपले कित्येक तरुण ब्रश कटर घेऊन गवत कापण्याची उक्ती कामे करू लागले आहेत. काम देणारा आणि काम घेणारा, दोघांनीही हा धडा वाचावा.

पावसाळा संपल्यावर आमच्या तळ्याच्या बांधावर कमरेइतके गवत वाढले होते. आम्ही एका जवान गड्याला ते उक्ते दिले. काम लवकर उरकावे म्हणून सकाळी आठलाच त्याला उतारावर चढवले. गवतावर दव होते. पायात साध्या चपला होत्या. यंत्र पट्ट्याने खांद्याला अडकवलेले होते. त्याचा पाय घसरला आणि तो यंत्रासकट पाण्यात गेला. पट्टा पटकन सुटेना. बांधावर दोर होता म्हणून माणूस हाती लागला. चूक त्याची नव्हती, आमची होती. चार पैसे आणि दोन तास वाचवण्याच्या नादात एका घरचा कमावता माणूस आम्ही गमावणार होतो. त्यानंतर आम्ही जाणकारांना विचारले आणि पुढच्या हंगामात स्वतः उभे राहून काम करून घेतले. तो तजुर्बा येथे देत आहोत.

गवत का कापायचे?

गवत बांधाचे शत्रू नाही. त्याची मुळे माती धरून ठेवतात. म्हणून ते खणून काढू नये आणि तणनाशकाने जाळूही नये. उघडा पडलेला उतार पहिल्याच जोराच्या पावसात वाहू लागतो. पण गवत फार वाढले की बांधाची तब्येत दिसत नाही. उंदीर, घुशी व खेकड्यांची बिळे, भेगा, बाहेरच्या बाजूने झिरपणारे पाणी हे सारे झाकून जाते. सांडव्यात गवत माजले तर जादा पाणी बांधावरून जाते आणि मातीचा बांध फुटतो. म्हणून चार ते सहा इंच उंची ठेवून कापावे. बांधावर उगवलेली झाडांची रोपे मात्र लहान असतानाच काढावीत, कारण मोठी मुळे कुजली की पाण्याला वाट मिळते.

आधी उतार मोजा

नजरेचा अंदाज येथे फसवा ठरतो. एक मीटरची सरळ काठी घ्या. तिचे एक टोक उतारावर टेकवा, काठी पाणसळीने आडवी धरा आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर ओळंब्याने मोजा. अंतर २७ सेंटिमीटर भरले तर उतार १५ अंशांचा, ३६ भरले तर २० अंशांचा, ५८ भरले तर ३० अंशांचा आणि १०० भरले तर ४५ अंशांचा समजावा.

बसून चालवायचे यंत्र १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर नेऊ नये आणि यंत्राच्या पुस्तिकेत मर्यादा त्याहून कमी दिली असेल तर तीच पाळावी. असे यंत्र उतारावर सरळ वर-खाली चालवतात, कारण आडवे नेले तर ते कुशीवर उलटते. हाताने ढकलायचे यंत्र मात्र आडवे चालवावे. ते वर-खाली नेले तर पाय घसरल्यावर यंत्र अंगावर येते किंवा पाय पात्याखाली जातो. पाण्याच्या कडेची माती आतून भिजलेली असते, ती चाकाच्या वजनाने ढासळते. म्हणून चाकाचे कोणतेही यंत्र कडेपासून निदान दोन यंत्रांच्या रुंदीइतके दूर ठेवावे.

आता शेततळ्याचा हिशेब पाहा. २०१६ साली महाराष्ट्रात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. तिच्यातील मोठे तळे ३० × ३० × ३ मीटरचे. त्याचा तळ २४ × २४ धरला तर आतला उतार १:१, म्हणजे ४५ अंशांचा होतो. अशा उतारावर माणसाला यंत्र घेऊन उतरवूच नये. बांधाच्या सपाट माथ्यावर उभे राहून हात पोचेल तेवढेच कापावे. प्लास्टिकचे अस्तर असेल तर त्याच्या जवळ यंत्राचे पातेही नको आणि नायलॉनची दोरीही नको, तेथे विळाच बरा. अस्तरावर तर कोणी पायच ठेवू नये. ओले प्लास्टिक माणसाला वर चढू देत नाही.

काम कसे करावे?

बाहेरच्या, कमी उताराच्या बाजूला ब्रश कटर चालतो. काम पावसात करू नये. दव वाळल्यावर, साधारण दहाच्या पुढे सुरू करावे. आधी काठी आपटत एक फेरी मारून दगड, तारा, बाटल्या वेचाव्यात. नाग, घोणस, मण्यार, फुरसे अशा गवतातच असतात. काठीच्या आवाजाने बहुतेक साप दूर जातात, पण सगळेच नाही. म्हणून गमबूट हवेतच. साप चावलाच तर कापाकापी करू नये, आवळूनही बांधू नये. माणसाला शांत ठेवून, चालू न देता, तडक दवाखान्यात न्यावे.

पायात पकड असलेले बूट, डोळ्यांवर चष्मा, कानांना बोळे आणि अंगात जाड पँट असावी. लुंगी, सैल कुर्ता, लोंबता गमछा चालणार नाही. पट्ट्याची कळ एका हाताने झटकन सुटते की नाही, हे सपाट जागेवर दोन-तीनदा करून पाहावे. आमच्या गड्याच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले होते.

उताराला आडवे, एकेका पट्ट्यात चालावे. उलट्या पावली चालू नये. कापलेले गवत पायाखाली सर्वांत जास्त घसरते, म्हणून प्रत्येक पट्ट्यानंतर ते दाताळ्याने ओढून घ्यावे. पात्याची पुढची उजवी बाजू दगडाला किंवा खोडाला लागली तर यंत्र जोराने झटका देते आणि उतारावर तोल जायला तेवढा झटका पुरतो. दुसऱ्या कोणालाही १५ मीटरच्या आत येऊ देऊ नये. पेट्रोल सपाट जागेवर, इंजिन थंड झाल्यावर, पाण्यापासून दूर भरावे.

पाण्यालगतचा दोन-तीन फुटांचा पट्टा तसाच राहू द्यावा. तो गाळ अडवतो आणि माणसालाही कडेपासून दूर ठेवतो. कापलेले गवत पाण्यात टाकू नये. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. चांगले गवत जनावरांना घालावे, उरलेले खतात टाकावे.

एकट्याने काम कधीच करू नये. माथ्यावर दुसरा माणूस, गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब असावी. कोणी पाण्यात पडलाच तर मागून उडी न मारता आधी दोर किंवा ट्यूब फेकावी.

भाव ठरवताना

उक्ते काम घेणाऱ्यांनी टेप जमिनीवर सपाट न धरता उतारावर टाकून मोजावे. बांध दोन मीटर उंच आणि उतार २:१ असेल तर कागदावर रुंदी ४ मीटर दिसते, उतारावर मात्र ती ४.४७ मीटर भरते. १६० मीटर लांबीच्या बांधाला ६४० ऐवजी सुमारे ७१५ चौरस मीटर गवत कापावे लागते. हा ७५ चौरस मीटरचा फरक भावात धरला नाही, तर कारीगर तो घाईने भरून काढू पाहतो आणि घाईतच पाय घसरतो. दुसऱ्या माणसाचा रोज, बूट आणि दोर यांचा खर्चही भावात लावावा. मालकानेही तेथे घासाघीस करू नये.

कापड आखूड कापले गेले तर एका थानाचे नुकसान होते, ते पुढच्या सौद्यात भरून निघते. उतारावर एहतियात चुकली तर जे जाते ते कोणत्याही सौद्यात परत मिळत नाही. या हंगामात गड्याला बांधावर पाठवण्यापूर्वी आपण स्वतः काठी घेऊन एकदा उतार मोजावा, एवढीच आमची विनंती आहे.