डीप फ्रीझर घेताय? आधी नेमप्लेटवरचा गॅस वाचा

डीप फ्रीझर घेताना आपण लिटर बघतो, डिस्काउंट बघतो, फार तर वॉरंटी. मागची नेमप्लेट मात्र वाचत नाही. गॅसचं नाव तिथेच असतं, आणि पुढची दहा वर्षं सर्व्हिसिंगला तो गॅस पुरवावा लागणार असतो.

आधी 'जीडब्ल्यूपी' समजून घ्या. एक किलो गॅस हवेत गेला तर तो किती किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो, त्याचा हा आकडा. आर-४०४ए चा साधारण ३९२०, आर-१३४ए चा १४३०. आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, त्याचा जेमतेम ३! समजा ४०४ए चा अर्धा किलो गॅस गळला, तर जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. एका लीकेजमध्ये.

आता धंद्याच्या बाजूने बघू. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली. त्यानुसार ४०४ए, १३४ए अशा एचएफसी गॅसचा वापर २०२८ पासून गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. आज घेतलेलं मशीन तेव्हा तुमच्याच दुकानात चालू असणार. पुरवठा आटला की भाव कुठे जातो, हे दुकानदाराला सांगायला नको.

म्हणून नवीन डीप फ्रीझर किंवा व्हिजी कूलर घ्यायचा तर माझं मत सरळ आर-२९० ला. छोट्या मशीनमध्ये आर-६००ए असला तरी चालेल. दोन्ही वीजही चांगली वाचवतात, पण स्टार लेबल स्वतः बघा, सेल्समनच्या तोंडावर जाऊ नका.

"प्रोपेन म्हणजे भडका उडणार का?" तो पेट घेतो, हे खरं. पण अशा मशीनमध्ये तो सहसा १५० ग्रॅमच्या आतच असतो, आणि स्विच-रिले ठिणगी बाहेर न पडणारे बसवलेले असतात. खरा धोका रिपेअरिंगला. मेकॅनिकला दोन प्रश्न विचारा: गॅस वजनकाट्यावर मोजून भरतोस का? ब्रेझिंगच्या आधी सगळा गॅस काढून, दारं-खिडक्या उघडतोस का? उत्तर देताना अडखळला तर दुसरा शोधा.

आणि जुन्या १३४ए च्या मशीनमध्ये "स्वस्तात २९० भरून देतो" असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. त्याचे वायरिंग-स्विच त्या गॅससाठी बनलेलेच नसतात.

४०४ए वर चालणारी कोल्ड रूम असेल तर ४४८ए किंवा ४४९ए बसू शकतो. जीडब्ल्यूपी १४०० च्या आसपास. सेटिंग बदलावं लागतं, ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. कार्बन डायऑक्साइडवरची सिस्टिम मोठ्या सुपरमार्केटसाठी. आपल्या गाळ्यात तिचं काम नाही.