हत्ती, मधमाश्या आणि शाळेचा खर्च

केनियातील त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानालगत सगाला हा शेतकऱ्यांचा भाग आहे. उद्यानातील हत्ती रात्री मक्यात शिरले की वर्षाचे धान्य गेलेच. म्हणून घरेच्या घरे राखणीला जागतात. विद्यार्थी मित्रांनो, रात्रभर जागलेल्या मुलाने सकाळी शाळेत काय शिकावे?

येथे डॉ. ल्युसी किंग यांनी ‘सेव्ह द एलिफंट्स’ या संस्थेमार्फत मधमाश्यांच्या पेट्यांचे कुंपण उभे केले. एवढा थोरला हत्ती, पण नुसत्या गुणगुणण्याने मागे सरतो! दर १० मीटरवर एक पेटी, काही पेट्या नुसत्या दाखवायच्या, आणि सर्व तारेने जोडलेल्या. तारेला धक्का लागला की पेट्या हलतात व माश्या बाहेर पडतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या नऊ वर्षांच्या अभ्यासात, ऐन हंगामात शेतांकडे आलेल्या हत्तींपैकी ८६ टक्क्यांपर्यंत हत्ती परत फिरल्याचे आढळले.

आम्हाला याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. मध शेतकऱ्याचा असतो. तो विकून हाती आलेला पैसा मुलांच्या शाळेला लागतो. दुसऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. मात्र २०१७ च्या दुष्काळात फुलोरा आटला, माश्या पेट्या सोडून गेल्या आणि मधाचे उत्पन्न पुढे काही वर्षे पडलेलेच राहिले.